नेहमीचंच लिहा

२१ जानेवारी

ताई,

तुझा पत्ता मी छापखान्याच्या मालकांकडून मिळवला. त्यांच्यावर चिडू नकोस. तुझ्या नव्या चष्म्याचा नंबर कळवायचा आहे, असं मी त्यांना ठोकून दिलं. फोन तू उचलत नाहीस, निरोप बघत नाहीस, मग उरलं पत्र. पत्र तू फाडशील, पण फाडण्याआधी वाचशील, माझ्या चुका काढायला का होईना. म्हणून मुद्दाम दोनचार ठेवते आहे.

घरी सगळं ठीक. कुंड्यांना पाणी घालते. समोरच्या काकू रोज दारात गाठून विचारतात, "बहीण अशी तडकाफडकी कुठे गं गेली?" मी म्हणते, कामाला. "एवढ्या लांब? प्रुफं तपासायला?" मग मी हसते आणि दार लावून घेते. मला तरी कुठे जास्त माहीत आहे? 'शाळा सोडली. विचारू नकोस,' एवढी चिठ्ठी टेबलावर ठेवून तू गेलीस. मी विचारलं नाही. अजून विचारत नाही.

आता तुला आवडणार नाही ते सांगते. मोठ्या बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. नववी 'ब'ला भाषा शिकवायला कोणी नाही आणि परीक्षा तोंडावर आली आहे. वर्तमानपत्रानं छोट्या जाहिरातींची खिडकी बंद केल्यापासून मी घरीच बसून होते. हातात पदवी आहे आणि तुझी बहीण आहे, एवढं त्यांना पुरलं. मी हो म्हटलं. फक्त परीक्षेपर्यंत, ताई.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना 'माझा आवडता प्राणी' लिहायला दिला. म्हटलं, सोपा विषय आहे, मुलं खुलतील. घरी येऊन गठ्ठा उघडला. पहिला निबंध: 'आजच्या धावपळीच्या युगात मांजर ही काळाची गरज आहे.' दुसरा: 'आजच्या धावपळीच्या युगात कुत्र्याचे महत्त्व शब्दांत सांगता येणार नाही.' त्यानंतर त्यानं ते दोन पानं शब्दांत सांगितलं होतं. तिसऱ्याला मी खुर्चीतून पडायची राहिले. 'आजच्या धावपळीच्या युगात कासवाला अनन्यसाधारण महत्त्व आहे.' ताई, कासवाला!

शिवाय सगळीकडे एकाच अर्थाच्या दोन-दोन शब्दांची खिरापत. कुत्रा 'परत पुन्हा' येतो, 'गोल वर्तुळात' फिरतो, 'विनाकारण काही कारण नसताना' भुंकतो आणि लेखकानं हे सगळं 'माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी प्रत्यक्ष' पाहिलेलं असतं. मी वर्गात विचारलं, "परत आणि पुन्हा, दोन्ही कशाला रे?" एकानं उभं राहून सांगितलं, "बाई, तीनशे शब्द भरायचे असतात. परत पुन्हा लिहिलं की दोन होतात." सगळा वर्ग हसला. मीही हसले. तू हसली नसतीस, मला माहीत आहे. मुलं तुला रेघबाई म्हणतात, हे तुला माहीत होतं का? लाल रेघांवरून. पण ते म्हणताना आवाज खाली आणतात.

एका मुलीनं मात्र कोरा कागद दिला. तिचं अक्षर इतकं बारीक आहे की मुलं तिला मुंगी म्हणतात. नाव लिहिलं, तारीख लिहिली, समास आखला आणि पुढे काही नाही. मी म्हटलं, "प्राणी आवडत नाहीत का?" ती म्हणाली, "आवडतात." बस्स, एवढंच. आणि बाकीचा वर्ग एकदम चिडीचूप झाला. या मुलीबद्दल तुला काही माहीत असेल तर कळव.

तुझी
बारकी


३ फेब्रुवारी

ताई,

तुझा फोन आला, म्हणजे पत्र पोचलं. "माझ्याच वर्गावर गेलीस?" एवढं म्हणून ठेवून दिलास. बरं वाटलं मला. रागाचा का असेना, आवाज तुझाच होता.

हो, तुझ्याच वर्गावर गेले. आणि मुंगीबद्दल तुला का विचारलं असं आता झालंय, कारण मला कळलं आहे.

तू गेल्यापासून शिक्षकांच्या खोलीत तुझा विषय निघाला की सगळे चहाच्या कपात बघतात. शेवटी गणिताच्या सरांना मी जिन्यात अडवलं. म्हटलं, "सर, मी तिची सख्खी बहीण आहे. मला गावभरातून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू दे." त्यांनी जे सांगितलं ते असं. चुकीचं असेल तर तू दुरुस्त कर.

सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा तू 'सुट्टीतला एक दिवस' लिहायला दिलास. नेहमीसारखी कागदांतून निवडक वाक्यं काढलीस आणि नाव न घेता वर्गात वाचून दाखवलीस, ठोकळेबाज लिहिणं कसं असतं ते कळावं म्हणून. दरवर्षी करतेस तसं. मुलं दरवर्षी हसतात तशी हसली. त्यात एक वाक्य होतं, 'आईच्या जाण्याने आमच्या आयुष्यात कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली आहे.' तू म्हणालीस, "हे वाक्य मी शंभर निबंधांत वाचलंय. हे लिहिणाऱ्याची आई बहुतेक आत्ता घरी डबा घासत असेल." वर्ग खो खो हसला. आणि मुंगी उठली, दप्तर तिथेच टाकलं आणि चालती झाली.

तिची आई सुट्टीत गेली होती. ताप आला, दवाखान्यात नेली आणि आठवड्याच्या आत संपलं. वडिलांनी कार्यालयात येऊन सांगितलं होतं, पण तो निरोप वर्गापर्यंत आलाच नाही. तुला कोणी सांगितलं नव्हतं, ताई.

सर म्हणाले, तिला शोधत तू पायात चप्पल न घालता शाळेच्या फाटकाबाहेर पळालीस. ती सापडली आईच्या कामावर, कपडे धुण्याच्या दुकानात. इस्त्रीच्या टेबलाखाली बसली होती. तिथल्या बायकांनी तिला तसंच बसू दिलं होतं. तू आत गेली नाहीस. काचेच्या दाराबाहेर उभी राहिलीस, आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिलास. तिच्या मावशीची तक्रार त्यानंतर आली. म्हणजे राजीनामा कोणी मागितलेला नव्हता.

सर दोन पायऱ्या उतरून थांबले. ते म्हणाले, "मी त्यांना म्हटलं, तुम्हाला माहीत नव्हतं. तर त्या म्हणाल्या, कागदावर लिहिलं होतं की सर."

हे तू मला सांगायचं होतंस. मी काही केलं नसतं, शेजारी बसले असते. पण तू मला चिठ्ठी ठेवलीस.

बारकी


१८ फेब्रुवारी

ताई,

या वेळी शुद्धलेखन नीट बघून लिहिते आहे, कारण हे पत्र तू पूर्ण वाचायला हवंस.

आधी माझ्या जुन्या कामाचं सांगते. जाहिरातींच्या खिडकीवर मी इतकी वर्षं बसले, पण त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. तुला ते काम म्हणजे तयार मजकुराचं दुकान वाटायचं, आणि होतंच ते. वाढदिवस, घर विकणे आहे, हरवले आहे, आणि सगळ्यांत जास्त, निधनाच्या बातम्या. लोक फोटो घेऊन यायचे. फोटो काचेखालून आत सरकवायचे आणि उभे राहायचे. मी विचारायची, "काय लिहायचं?" आणि बहुतेक सगळे, शिकलेले, न शिकलेले, एकच उत्तर द्यायचे. "नेहमीचंच लिहा."

एकदा एक प्राध्यापक आले होते. बायको गेली होती. मी म्हटलं, "सर, तुमचं तुम्ही लिहून द्या, तुम्हाला येतं." त्यांनी पेन हातात घेतलं, टोपण काढलं, परत लावलं. "तुम्हीच लिहा हो. नेहमीचं." मी लिहिलं, 'दुःखद निधन'. त्यांनी वाचलं आणि मान हलवली, जसं काही मी त्यांच्या मनातलंच लिहिलं होतं. आता निधन दुःखदच असतं, वेगळं सांगायची गरज नाही, तू त्यावर रेघ मारली असतीस. पण तो शब्द काढला असता तर त्यांनी कशाला धरून उभं राहायचं होतं?

हे तुझ्याविरुद्ध सांगत नाही. तू बरोबर आहेस, मुलांना हे शब्द सोडायला शिकवलंच पाहिजे. मी आता तेच करते आहे. कासववाल्याला विचारलं, "खरंच कासव पाळलंयस का?" तर त्याच्या मामाकडे आहे. ते भिंतीच्या कोपऱ्यात शिरतं आणि मागे वळायचं त्याला सुचतच नाही, कोणीतरी उचलून फिरवेपर्यंत तिथेच पाय मारत राहतं. मी म्हटलं, "अरे, हे लिही ना!" तो चकित झाला. "हे चालतं, बाई?" या मुलांना कोणी सांगितलेलंच नाही की त्यांनी बघितलेलं चालतं.

आता मुंगी.

शाळा सुटल्यावर ती घरी जात नाही. झाडायला बाई येईपर्यंत वर्गातच बसते. मीही तपासायचे कागद घेऊन तिथेच बसायला लागले. बोलायचं नाही असं ठरवून. असे काही दिवस गेले. परवा तिनंच विचारलं, "रेघबाई तुमच्या कोण?"

"ताई."

"सख्खी?"

"सख्खी."

"घरी पण रेघा मारतात?"

"किराणा मालाच्या यादीवर मारते. 'गोड साखर' लिहिलं होतं मी एकदा."

ती जरा हसली. मग म्हणाली, "त्या कुठे गेल्या?"

मी खरं सांगितलं. की तू लांब गेलीस, मला न सांगता, आणि तुझ्या लेखी तू माफ होण्यासारखी नाहीस.

बराच वेळ ती बाकावरचं खिळ्यानं कोरलेलं नाव नखानं खरवडत राहिली. मग जे बोलली ते मी शब्दाला शब्द लिहिते.

"ते वाक्य माझं नव्हतंच. आई गेल्यावर सगळे येऊन तेच म्हणत होते. आईच्या दुकानाचे मालक म्हणाले, बाबांच्या डेपोतले साहेब म्हणाले, शोकसभेत एक काका माइकवर म्हणाले. मला वाटलं, आई गेली की असंच म्हणायचं असतं. दुसरं म्हटलं तर चूक होईल."

तिचं नख परत त्या नावावर फिरलं.

"पण बाई, पोकळी नाहीये. उलट आमच्या घरात आता पाय ठेवायला जागा नाही. मावशी आली, तिची दोन मुलं आली, आजी आली. आईच्या कपाटात मावशीच्या मुलांचे कपडे आहेत. आईच्या जागेवर आजी झोपते. सगळे आमच्यासाठीच आलेत, मावशी तर नोकरी सोडून आलीय. मला राग पण नाही करता येत. मला फक्त कुठे बसायला जागा नाही. आई होती तेव्हा आम्ही तिघंच होतो. तेव्हा खरं तर खूप रिकामं होतं. छान रिकामं."

ताई, 'छान रिकामं'. मी कागदांवर डोकं टेकवून बसले.

शेवटी तिनं विचारलं, "बाईंना कसं कळलं की ते माझं नाहीये? बाकी कोणी असतं तर खाली 'छान' लिहून मोकळं झालं असतं."

आणि दाराशी गेल्यावर वळून म्हणाली, "पण वाचून दाखवायला नको होतं."

दोन्ही गोष्टी तिनं एकाच दमात सांगितल्या. मीही दोन्ही तुला पाठवते आहे. एकच ठेवून घेऊ नकोस.

बारकी


७ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. 'मी माफीचं पत्र मागेच पाठवलं आहे. आणखी काही करण्यासारखं नाही.' ते पत्र मी वाचून आले.

मुंगीच्या घरी गेले होते. बस डेपोच्या मागे चाळीसारख्या दोन लांब इमारती आहेत, त्यातल्या दुसरीत वरच्या मजल्यावर. मुंगी म्हणाली तसंच आहे. दोन खोल्या, दोरीवर कपडे, कपड्यांमागे आजी, आजीमागे पोरं. मावशीनं खुर्चीवरचे कपडे उचलून मला बसायला दिलं आणि ते कपडे कुठे ठेवावेत हे न कळून हातातच धरून उभी राहिली. मी तिला कजाग समजून गेले होते. दमलेली बाई आहे गं. तक्रारीबद्दल म्हणाली, "मला दुसरं काहीच करता येत नव्हतं. बहीण गेली, त्याची तक्रार कुठे करायची? ही एक करता येत होती, म्हणून केली."

मग तिनं तुझं पत्र दाखवलं. ताई, मी ते तीनदा वाचलं, कारण मला वाटलं सही कोणीतरी खोटी केली आहे. 'माझ्याकडून अनवधानाने, नकळत झालेल्या चुकीबद्दल मी मनःपूर्वक, अंतःकरणापासून दिलगिरी व्यक्त करते. आपल्या दुःखात मी सहभागी आहे.' अनवधानाने, नकळत? तू? मनःपूर्वक आणि वर अंतःकरणापासून? नववी 'ब'तल्या कोणी हे लिहिलं असतं तर तू कागद फाटेपर्यंत रेघा मारल्या असत्यास.

मला हसू आलं नाही. खिडकीशी फोटो सरकवून उभे राहिलेले ते प्राध्यापक आठवले. तुलाही सुचलं नाही. तुलाही नेहमीचंच लिहावं लागलं.

पण त्याचं काय झालं तेही ऐक. मुंगीचे वडील डेपोत वायरमन आहेत, मितभाषी माणूस. ते पत्र त्यांनी वाचलं आणि मावशीला विचारलं, "हे शाळेनं पाठवलंय की बाईंनी?" मावशी म्हणाली, सही बाईंची आहे. ते म्हणाले, "मग ऑफिसनं लिहून दिलं असेल." घडी घातली, विजेच्या बिलांबरोबर ठेवून दिलं. तुझी माफी त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. तू तिथे लांब बसून समजते आहेस की तुझ्याकडून होण्यासारखं होतं ते सगळं करून झालं.

आता एक मी लपवलं होतं ते. मोठ्या बाई म्हणाल्या, या महिन्याच्या शेवटी समितीची बैठक आहे, तुझा राजीनामा तेव्हा मंजूर होईल आणि ती जागा मला कायमची देतील. दोन आठवडे झाले मला हे कळून. तुला लिहिलं नाही, कारण मला क्षणभर हवीशी वाटली ती. मला मुलं आवडायला लागली आहेत. पण तुझी जागा मला नको, ताई. मी तसं सांगून टाकलं.

मी तुला परत नोकरीवर ये म्हणत नाही, ते तुझं तू बघ. त्या मुलीच्या घरी मात्र ये. एकदा. पत्र पाठवू नकोस, स्वतः ये.

बारकी


२८ मार्च

ताई,

तू रविवारी आलीस आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलीससुद्धा. घरी आली नाहीस याचं वाईट वाटलं, पण समजलं. तुझा चेहरा खचून खाली बसलेल्या माणसासारखा दिसत होता, उभी असलीस तरी. स्टँडवर आपण चहा घेतला, आणि तू माझ्या पत्रांतल्या चुका सांगितल्यास, तेवढं मला पुरलं.

त्यांच्या घरी तुला दिसलं नाही ते, आणि तू गेल्यानंतरचं सांगते.

तू आणि मुंगी गच्चीच्या जिन्यात बसला होतात, कारण आत जागाच नव्हती. मी मावशीबरोबर स्वयंपाकघरात होते. मावशी दोनदा दारापर्यंत जाऊन आली. म्हणाली, "काही ऐकू येत नाही. रडतायत का?" मी म्हटलं, "बसू द्या." वडील चहाचे कप घेऊन वर गेले आणि तसेच परत आले. म्हणाले, "अंधारात बसल्यात दोघी. मी मध्ये गेलो नाही."

सोमवारी शाळा सुटल्यावर मी मुंगीला विचारलं. तुला आवडणार नाही, पण विचारलं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मी वाचून दाखवायला नको होतं."

"आणि?"

"आणि काही नाही. मग विचारलं, आईबद्दल तुला काय लिहायचं होतं? मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, माझी आई गेली तेव्हा मलाही माहीत नव्हतं. मग आम्ही बसलो."

आपल्या आईबद्दल तू माझ्याशी असं कधी बोलली नव्हतीस. असो. मला आनंद झाला की कोणाशी तरी बोललीस.

बैठक परवा झाली, मलाही बोलावलं होतं. मी जागा नको म्हटल्यामुळे अध्यक्ष आधीच वैतागलेले. तेवढ्यात दार ढकलून वायरमन आत आले, डेपोच्या खाकी कपड्यांत, हातावर काळं तेल. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "तुमची तक्रार आहे आमच्याकडे, लक्षात आहे." ते म्हणाले, "तक्रार मागे घ्यायला आलोय. मेहुणीला विचारून आलोय." मग त्यांना पुढे बोलता येईना. मी मनात म्हटलं, आता नेहमीचं काहीतरी म्हणतील. तर ते म्हणाले, "माझी मुलगी आई गेल्यापासून माझ्याशी बोलत नव्हती. रविवारपासून बोलायला लागली. बाईंना घालवू नका."

आणि निघून गेले. खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत.

राजीनामा मंजूर झाला नाही. तो मागे घ्यायचा असेल तर तुझ्या हस्ताक्षरातला अर्ज लागेल. मोठ्या बाई म्हणाल्या, मजकूर तयार आहे, बाईंनी फक्त सही करावी. मी म्हटलं, ती स्वतःचा मजकूर लिहील.

बारकी


२० एप्रिल

ताई,

तुझा अर्ज पोचला. एका ओळीचा. 'मला पुन्हा शिकवायचं आहे.' मोठ्या बाई म्हणाल्या, "माननीय, विनंती, आपली विश्वासू, काहीच नाही?" पण शिक्का मारला. नवीन वर्षापासून तू रुजू. नववी 'ब' आता दहावी 'ब' होईल आणि तीच मुलं तुला मिळतील. मी छापखान्याला विचारून ठेवलं आहे, तुझी प्रुफं मी तपासेन. मालक म्हणाले, चष्म्याचा नंबर कळला का?

काल माझा शेवटचा तास होता. मुलांनी निरोप समारंभ ठेवला. मला वाटलं होतं, हसत हसत बाहेर पडेन. कासववाल्यानं भाषण लिहून आणलं होतं. तो उभा राहिला, घसा खाकरला आणि सुरू झाला: 'आज या ठिकाणी जड अंतःकरणाने आम्ही आमच्या लाडक्या बाईंना निरोप देत आहोत.' मी तयारीतच होते, मनात पेन उचललेलं. या ठिकाणी म्हणजे कुठल्या, जड म्हणजे किती. तो 'जड अंतःकरणाने' म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. तो थांबला, कागद खाली केला, पुन्हा वर धरला, आणि परत तेच वाक्य म्हणाला, कारण त्याच्याकडे दुसरं नव्हतं. ताई, मी रडले. सगळ्या वर्गासमोर, नाक लाल होईपर्यंत. त्या वाक्यावर मी कधीही रेघ मारणार नाही. तू मारलीस तर तेही बरोबर. पण आधी त्याच्याकडे बघ, एवढंच मागणं आहे.

समारंभ संपल्यावर मुंगी म्हणाली, "आमच्या घरी चला, दाखवायचंय." गेलो. ती मला घरात न नेता थेट गच्चीच्या जिन्यावर घेऊन गेली. वरच्या वळणावर तिच्या वडिलांनी फळी ठोकली आहे, बसता येईल एवढी रुंद. भिंतीतून तार आणली आहे आणि पिवळा दिवा लावला आहे, बटण मुंगीच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. मावशीनं जुन्या गोधडीची चौकोनी उशी शिवून दिली आहे. खालून मावशीची मुलं ओरडत वर यायला निघाली, तर आजीनं त्यांना हाक मारून मागे बोलावलं. "वर नाही जायचं. ती ताईची जागा आहे." मावशीच्या मुलांची ताई म्हणजे मुंगी.

ती फळीवर बसली, पाय जवळ घेतले, दिवा लावला.

मला वाटलं, वही काढेल. तिनं वही काढली नाही. मी विचारलं, "काय करतेस इथे?"

"काही नाही," ती म्हणाली. "बसते."

मी जिना उतरून खाली आले. तिनं हाक मारली नाही, आणि मला ते फार बरं वाटलं.

तुझ्या येण्याची तारीख कळव. स्टँडवर येते.

बारकी